संतोषची म्हैस

फाटक अजून समालख्याच्या वेल्डरकडेच पडून होतं, म्हणून राहायला जाणं आठवडाभर पुढे ढकलावं, असं दिनकररावांचं म्हणणं होतं. प्रभाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि ट्रकवाल्याला फोन लावला.

"अहो, फाटकावाचून काय अडलंय? चोरायला आहे काय आपल्याकडे? दोन कपाटं आणि तुमचे ते जाडजूड सरकारी अहवाल."

"तसं नाही गं. एकदा सगळं पूर्ण झालं की..."

"घर कधी पूर्ण होतं का हो? चला."

लग्न होऊन दिल्लीला आल्यापासून प्रभा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतच राहिली होती. सेक्टर बदलले, खोल्या वाढल्या, पण भिंती सरकारच्याच राहिल्या. खिळा ठोकायला हातोडी उचलली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारायचं, "भाभीजी, सब ठीक है ना?" दिनकरराव जानेवारीत निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा शेजारणींनी गळ्यात पडून रडून घेतलं. प्रभाला मात्र काही केल्या रडू येईना. उलट आतून हसूच फुटत होतं. पानिपतच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की गव्हाच्या शेतांना लागून लाल विटांचं एक घर उभं होतं, आणि ते तिचं होतं.

शनिवारी सकाळी ट्रक तिथे पोचला. सामान उतरत असतानाच प्रभाने पर्समधून खिळे काढले आणि पुढच्या खोलीत, स्वयंपाकघरात, जिन्यापाशी, मनाला येईल तिथे ती ठोकत सुटली. गुडगावहून आलेली मुलगी, हेमांगी, खोकं हातात धरून बघत राहिली.

"आई यार, पण लावायचं काय आहे तिथे?"

"ते मग बघू."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट शेत दिसायचं. गहू गुडघ्याच्या वर आला होता आणि बांधाच्या कडेकडेने मोहरी पिवळीधमक फुलली होती. प्रभा दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून त्या खिडकीपाशी जात होती. पुढच्या खोलीत तिने सगळ्यांत आधी सतरंजी अंथरली. पानिपतच्या बाजारात दिनकररावांना दुकानामागून दुकान हिंडवून तिने ती पसंत केली होती. लाल, त्यावर निळे पट्टे, अख्खी खोली भरेल एवढी. त्या सतरंजीवर बसून तिघांनी आर. के. पुरमहून आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. दिनकररावांनीही शेवटी कबूल केलं की हवा छान आहे.

जेवणं उरकतात तोच बाहेर काहीतरी घसरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक लांबलचक हुंकार.

पोर्चमध्ये म्हैस उभी होती. काळीभोर, शिंगं आत वळलेली, पोट दोन्ही बाजूंना फुगलेलं. नव्याकोऱ्या टाइल्सवर तिचे पाय चारी दिशांना पसरत होते. एकदा तोल सावरायला गेली आणि मागचा पाय सटकून धपकन बसलीच.

"तरी मी म्हणत होतो, फाटक..." दिनकररावांनी सुरुवात केली.

तेवढ्यात शेताकडून एक बाई ओढणी सावरत धावत आली. प्रभाच्याच वयाची, उंच, काटक. "ए रामजी! यहाँ आगी या!" ती म्हशीपाशी वाकली, तिच्या शेपटीखाली नजर टाकली आणि वर बघून म्हणाली, "ब्याण लाग री सै."

"काय म्हणतायत त्या?" हेमांगीने विचारलं.

"व्यायला लागलीय म्हैस," प्रभा म्हणाली. हा शब्द तिने किती वर्षांत उच्चारला नव्हता, तरी तोंडातून आपसूक आला.

"आपण संतोषजींना बोलवू या," दिनकरराव घाईघाईने म्हणाले. "प्लॉट दाखवणाऱ्याने सांगितलं होतं, काही अडलं तर शेजारी संतोष आहेत."

"मैं ही सूँ संतोष," बाई म्हणाली. दिनकररावांच्या डोळ्यांपुढे आतापर्यंत कुणी मिशीवाला पुरुष होता.

संतोषने भराभर सांगितलं. घरातली माणसं लग्नाला पानिपतला गेलेली. प्लॉट रिकामा होता तेव्हा ही म्हैस वर्षानुवर्षं इथेच बांधलेली असायची. आज दावं सुटलं आणि ती आपल्या सवयीच्या जागी आली. मधल्या काळात तिथे कुणी घर बांधलंय, हे तिला कोण सांगणार?

म्हशीने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा घसरली. या वेळी तिचा गुडघा जोरात आपटला. संतोषचा चेहरा उतरला. "पाँव टूट ज्यागा इसका. पराल मँगवानी पड़ैगी." पण पेंढा तिच्या घरी, शेताच्या पलीकडे, आणि म्हशीला एकटं सोडून जायची सोय नव्हती.

प्रभा आत गेली. पुढच्या खोलीतली ताटं तिने पायाने बाजूला सारली आणि सतरंजीचं टोक धरलं.

"आई! ती नवीन आहे!"

"दुसरं टोक धर."

"अगं, निदान जुनी चादर..." दिनकरराव म्हणाले.

"चादर गोळा होईल पायाखाली. धरा हो!"

तिघांनी मिळून सतरंजी ओढत बाहेर आणली. संतोषने म्हशीला एका अंगाने रेटलं, प्रभाने सतरंजी खाली सारली, मग दुसऱ्या अंगाने. म्हशीला खुरांखाली खरबरीत काहीतरी लागलं तशी ती सावकाश उठली, भक्कम उभी राहिली आणि तिने मोठा श्वास सोडला. प्रभानेही सोडला.

मग पुढे सगळं फार झपाट्याने झालं. दिनकररावांच्या वाट्याला डोकं आलं. ते शिंगाला धरून शुद्ध मराठीत समजूत घालत होते, "हां, हां बाई, झालंच आता, थोडंच राहिलं." आधी दोन खुरं दिसली, त्यांवर टेकलेलं नाक दिसलं. संतोषने एक पाय धरला आणि दुसरा प्रभाच्या हातात दिला. तो गरम होता, बुळबुळीत, आणि आतून जिवंत. प्रभाच्या अंगावर सरसरून काटा आला.

"इब खींच!"

प्रभाने ओढलं. काही हललं नाही. म्हशीला कळ आली तसं संतोष पुन्हा ओरडली, प्रभाने टाचा रोवल्या, हेमांगीने मागून तिच्या कमरेला मिठी मारली, आणि एकदम सगळा भार सुटून दोघी मायलेकी मागे बसल्या. पुढ्यात सतरंजीवर एक ओलं, काळं, लांब पायांचं गाठोडं पडलं होतं.

ते हलेना.

संतोषने त्याचं नाक पुसलं, तोंडात बोटं घालून चिकटा काढला, मागचे पाय धरून उचललं. प्रभाने खोचलेला पदर काढला आणि ती त्याची छाती खसाखसा चोळू लागली, जणू आपल्याच पोरीला न्हाऊ घातल्यावर पुसतेय. चोळता चोळता हाताखाली काहीतरी उडालं. मग एक शिंक आली. एवढीशी, पण कान हलवून दिलेली सणसणीत शिंक.

"जी गी!" संतोष ओरडली. "काटड़ी सै, काटड़ी!"

"पारडी झाली!" प्रभा ओरडली. आणि ओळखपाळख नसलेल्या त्या दोघी बरबटलेल्या हातांनी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दिनकरराव म्हशीच्या कपाळावर हात ठेवून तसेच उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. हेमांगीने फोन काढला खरा, पण फोटो घ्यायचं विसरून ती नुसतीच बघत राहिली. म्हैस मागे वळून पिल्लाला चाटायला लागली होती.

तासाभरात शेजारच्या वस्तीतल्या बायका जमल्या. कुणी बादल्या आणल्या, कुणी झाडू. पोर्च आणि सतरंजी धुता धुता त्यांनी न विचारता अख्खं घर फिरून पाहिलं, कपाटं उघडली, नळ सोडून पाणी बघितलं. भिंतीवरचे रिकामे खिळे पाहून एकमेकींना कोपरं मारून हसल्या. आर. के. पुरममध्ये असं कुणी केलं असतं तर प्रभाच्या कपाळाला आठी पडली असती. इथे ती त्यांच्यापुढे होऊन स्वतःच दारं उघडून दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी संतोष पितळेची कासंडी घेऊन आली. आत दाट, पिवळसर दूध होतं. "खीस सै. थारा हक बनै सै."

प्रभाने आत डोकावून पाहिलं आणि ती टुणकन उडालीच. "अहो, चीक! म्हशीचा चीक!"

दिल्लीत इतकी वर्षं डेअरीच्या पिशवीतल्या दुधावर काढलेली. पुण्याहून कुणी आलं तर डब्यातून खरवस यायचा, तोही प्रवासात पाणी सुटलेला. तिने खोक्यांमागून खोकी उलटीपालटी केली. वेलदोडे सापडले, गूळ संतोषने घरून आणला, कुकरची शिट्टी काही केल्या मिळेना. शेवटी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात डबा ठेवला आणि वर ताट झाकलं. संतोष कमरेवर हात ठेवून बघत होती. त्यांच्याकडे हे दूध कढईत फाडतात, असं वड्यांसाठी लावलेलं तिने पाहिलं नव्हतं.

सुरी घातली तेव्हा वडी थरथरली, पण मोडली नाही. प्रभाने पहिली संतोषला दिली. तिने ती तोंडात ठेवली, डोळे मिटले, आणि दुसरीसाठी हात पुढे केला.

"ताई," तिने कृतीच विचारली, "न्यू बता, यो बणाया क्यूकर?"

"ताई म्हणाली मला!" प्रभा हरखून मुलीकडे वळली.

"आई, हरियाणात ताई म्हणजे मोठी काकू," हेमांगी हसत म्हणाली आणि तिने तिसरी वडी उचलली. "पण याला काय म्हणतात गं? मी विसरले."

"खरवस."

"खरवस," हेमांगीने एकदा म्हणून पाहिलं. संतोषनेही म्हटलं, पण तिच्या तोंडी ते 'खरबस' झालं, आणि दिनकररावांनी आपल्या ताटलीवरून मान न उचलता सांगितलं की तेही चालेल.

सोमवारी पहाटे हेमांगी ऑफिसला गेली. दिनकरराव पुढच्या खोलीत अहवालांची खोकी कुठे ठेवावीत याचा विचार करत बसले होते. अर्धं सामान अजून बांधलेलंच होतं. खिडकीबाहेरून हाक आली, "ताई! चालै सै के? बथुआ तोड़न जावाँ सां."

बांधावर संतोष आणि आणखी दोघीतिघी उभ्या होत्या, चाकवत खुडायला हातात टोपल्या घेऊन. गव्हावर धुकं होतं.

"आई गऽ, चप्पल कुठल्या खोक्यात आहे?" प्रभा म्हणाली, पण उत्तराची वाट न बघता तिने दिनकररावांचे बूट पायात सरकवले आणि ती निघाली. दव पडलेल्या बांधावरून ते मोठे बूट फटक फटक वाजत होते. तिकडून बायका हसत होत्या, आणि ती त्यांच्याहून मोठ्याने.