माझ्या पोटावरचं दुसरं नाव

मित्रांनो, दादरला दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, शोकेसच्या खालच्या फळीवर बसलेला जुना चषक मी. पितळेचा. वरचा चांदीचा मुलामा केव्हाच उडाला.

१९५९ साली, सतराव्या वर्षी, लतिकाने पोहण्याच्या क्लबात मुलींच्या दोनशे मीटर शर्यतीत मला जिंकलं. सहा मुली पोहल्या. काठावर सहा आया टॉवेल ताणून उभ्या, मुलगी वर आली की गुंडाळायला. बघे दीडशे, त्यातले पोहणं बघायला आलेले, माझ्या मोजणीने, वीस. माझ्या पोटावर कोरलं होतं, ‘कु. लतिका, पहिली’.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. नवऱ्याने ताटातल्या तांदळांत तिचं नवं नाव लिहिलं, सुनेत्रा. पोहणं माहेरीच राहिलं. पण नवरा, माधवराव, वाईट नव्हता हो. उलट कौतुक फार! त्या कौतुकाच्या भरात तो मला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेला, जिथे पातेल्यांवर नावं घालून देतात. जुनं नाव घासून काढलं आणि टकटक करत ‘सौ. सुनेत्रा’ घातलं.

“आता कसा आपल्या घरचा वाटतो!” तो म्हणाला.

ती हसली. अर्धंच.

मग पन्नास वर्षं पाहुणे विचारायचे, “वहिनी, हा रांगोळीचा का?”

यंदा क्लबने पहिल्या पोहणाऱ्या मुलींच्या नावांचा फलक करायचं ठरवलं. ज्या हयात आहेत त्यांनीच पडदा ओढायचा. यादीत लतिकाच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘ठावठिकाणा नाही’. हे कळल्यापासून लतिकाला, म्हणजे आताच्या आजीला, जेवण जाईना. शेवटी तिची नात नूपुर मला पिशवीत घालून तिला टॅक्सीने क्लबात घेऊन गेली.

ऑफिसातल्या निलेशने मला फिरवून पाहिलं. “यावर तर सुनेत्रा आहे. आणि शर्यत कुमारिकांची, मग हे सौ. कुठून आलं?”

“आजोबांनी बदललं ते!” नूपुर म्हणाली.

“शाळेचा दाखला लतिकाचा, आधार कार्ड सुनेत्राचं. नाव बदलल्याचं गॅझेट आहे?”

“एकसष्ट साली कोण गॅझेट करत होतं?”

“मग यांना लतिका म्हणून ओळखणारं कुणी आणा, मॅडम. माझ्या हातात नाही.”

आजीने बोटांवर मोजलं. आई, वडील, दोन भाऊ, माधवराव, त्या पाच पोहणाऱ्या. बोटं सरली, हयात माणूस मिळालं नाही.

“राहू दे गं,” ती म्हणाली.

एकुलता एक साक्षीदार मी, आणि मीच उलटी साक्ष दिली.

रविवारी फलक लागला. पडदा दुसऱ्याच कुणीतरी ओढला. आजी मागच्या रांगेत, मी तिच्या मांडीवर, पिशवीत. शेजारच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही कुणाकडून?”

“लतिकाच्या ओळखीतली,” आजी म्हणाली. “छान पोहायची.”

मित्रांनो, मला घासून लख्ख करा अशी माझी विनवणी नाही. घासण्यानेच घात झाला. घरी आजी असेल तर आज तिला लग्नाआधीचं नाव विचारा. “कशाला आता?” म्हणेल. लगेच उठू नका. दुसऱ्यांदा विचारलं की सांगते.