रंभेच्या ताटलीतला भात

मित्रांनो, इन्शुलिन टोचायच्या ज्या काचेच्या सिरिंज असतात, त्यांतलीच मी एक. आता म्हातारी झाले आहे. अंगावरच्या रेघा पुसट झाल्यात, दट्ट्या सैल झालाय. पण कामाच्या दिवसांत मी मापात कधी थेंबाची चूक केली नाही. तरीही एका मुक्या जिवाचे हाल झाले, आणि ते मला फळीवर पडून बघावे लागले. त्याची चीड अजून गेलेली नाही.

भट्टीत काच तापवून मला घडवलं, अंगावर बारीक रेघा कोरल्या आणि पुण्यातल्या औषधांच्या एका दुकानात मांडून ठेवलं. तिथून मला उद्धवरावांनी घरी आणलं. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा नोकरी लागली, म्हणून पत्नी कौशल्याबाईंना घेऊन चिंचवड गावात दोन खोल्यांत राहू लागले. उद्धवरावांना मधुमेह होता. कौशल्याबाई मला उकळत्या पाण्यातून काढत, ओल्या वाळूत गार ठेवलेल्या बाटलीतलं औषध माझ्यात भरत आणि त्यांना टोचत. तेव्हा घरात माझा केवढा मान होता! माझ्याजवळ कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे.

या घरात मूलबाळ नव्हतं. होती ती रंभा नावाची मांजर, पांढरी, पाठीवर तांबूस डाग असलेली. दूधभात खाऊन ती उशीसारखी गुबगुबीत झाली होती. एका उन्हाळ्यात मात्र ती सुकायला लागली. सारखी पाणी पिई, तरी तहान भागेना. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून फरफटत चाले. अंगणाच्या कोपऱ्यात ती लघवी करी तिथे मुंग्या जमू लागल्या. त्या मुंग्या पाहिल्या आणि कौशल्याबाई तशाच घरात आल्या.

"अहो, तुमचंच दुखणं हिला झालंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

गावात दौलतराव नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांनी रंभेची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर तापवली. निळा रंग विटेसारखा लाल झाला. लघवीतून भरपूर साखर जात होती.

"इन्शुलिन देऊन बघू," ते म्हणाले. "मांजरांना देण्याचा मला फारसा अनुभव नाही, म्हणून अगदी थोडं. आणि वहिनी, एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आता खाते तेच खाणं, तेवढंच, ठरल्या वेळी द्या. ती जेवली की मग सुई. जेवली नाही, तर सुई टोचण्याआधी मला विचारायचं."

"पण साहेब, दूधभाताने साखर वाढत असेल ना?"

"वाढते. मांजर मुळात मांस खाणारा प्राणी. तिचं खाणं बदलायचंच आहे. पण खाणं बदललं की औषधाचं मापही बदलावं लागतं. दोन्ही मी सांगेन तेव्हा, हळूहळू."

उद्धवरावांनी स्वतःसाठी नवी सिरिंज आणली आणि मी रंभेच्या वाट्याला आले. खरं सांगते, मला ते लागलं. माणसासाठी घडवलेली मी, आता मांजरीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून टोचली जाणार! पण पहिल्याच सकाळी कौशल्याबाईंनी सुई टोचण्याआधी रंभेचं डोकं कितीतरी वेळ कुरवाळलं. नवऱ्याला टोचताना त्या अशा कधी थांबल्या नव्हत्या. मग मी माझं दुःख गिळलं.

काही दिवस बरे गेले. पण नळीतला लाल रंग काही हटेना. कौशल्याबाई हैराण झाल्या. "अहो, मापात चुकतंय का माझ्या?" असं पुन्हापुन्हा विचारत मला उजेडात धरून बघत. मी चुकत नव्हते, त्याही चुकत नव्हत्या. चुकत होतं ते भिंतीपलीकडे. मला फळीवरून खिडकीतून सगळं दिसत होतं. घरमालकीण सावित्रीबाई रोज दुपारी मागच्या दारी रंभेला दूध-भाकरी कुस्करून घालत होत्या. बाई मायाळू. वाळलेली मांजर त्यांना बघवत नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण काचेला कुठलं तोंड?

अखेर कौशल्याबाईंनी ते पाहिलं.

"मावशी, हिला काही देऊ नका म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"अगं, वाईच दूध दिलं तर काय बिघडतंय? हाडं दिसाया लागली तिची. आमी काय येगळं केलं न्हाई, जलमभर मांजरं अशीच पोसली."

शब्दाने शब्द वाढला. कौशल्याबाई रागाने घरात आल्या, त्या निश्चय करूनच. दौलतराव तेव्हा मावळातल्या गावांत गुरांच्या साथीसाठी गेले होते. ते परत येईपर्यंत थांबायचं होतं. पण वैतागलेल्या माणसाला थांबणं फार जड जातं. त्यांनी मागचं दार लावून घेतलं, दूधभात पार बंद केला, आणि दुसऱ्या सकाळी पवना नदीतले मासे उकडून रंभेपुढे ठेवले.

रंभेने हुंगलं, दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. कौशल्याबाईंनी मला हातात घेतलं. रोजच्याच रेघेपर्यंत औषध भरलं.

मित्रांनो, तेव्हा मी किती तळमळले! पोटात भात नाही, दूध नाही, मासाही जेमतेम, आणि औषध मात्र पूर्वीइतकंच. माझा दट्ट्या अडकावा, सुई वाकावी, असं मला वाटत होतं. पण मी चांगली सिरिंज होते. औषध सुरळीत गेलं.

ऊन वर आलं तशी रंभा झोकांड्या खाऊ लागली. भिंतीला धडकली, आडवी झाली, पाय ताठ होऊन थरथरू लागले. कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्या सूप टाकून धावल्या. औषधाने साखर फार उतरली की होणारं असं थरथरणं त्यांनी नवऱ्याचं पाहिलं होतं.

"मावशी, हिची साखर उतरली! मध आणा मध!"

कालचं भांडण विसरून सावित्रीबाई मधाची बाटली घेऊन आल्या. "व्हय, आणला. ओत तिच्या तोंडात."

"ओतायचा नाही, ठसका लागेल. नुसता हिरड्यांना चोळायचा."

दोघी जमिनीवरच बसल्या. एकीने मान धरली, दुसरी बोटाने मध लावत राहिली. बऱ्याच वेळाने रंभेने जीभ हलवली, मग डोकं उचललं. थोडी सावरल्यावर कौशल्याबाईंनी ताटलीत वाढलेला पूर्वीचाच दूधभात तिने खाल्ला. सावित्रीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी घातलेलं दूध तिला बाधलं, आन् बंद केलेलं बी बाधलं. मग मानसानं करायचं तरी काय?"

त्या दिवशी उद्धवराव कारखान्यातून आले ते तसेच सायकलवर निघाले आणि दौलतरावांना गाठून घेऊन आले. डॉक्टर कौशल्याबाईंवर रागावले, पण फार नाही. त्यांनी सावित्रीबाईंनाही बोलावून घेतलं.

"एक ताटली, एक हात," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी काही घालायचं नाही. आधी सुईचं माप कमी करू. मग भातातला एक चमचा काढून तिथे एक चमचा बिनमिठाचा मासा. ती ते आवडीने खायला लागली, की पुढचा चमचा. दर वेळी नळीत रंग बघायचा आणि मला दाखवायचा."

मग ते संथ दिवस सुरू झाले. रंभा कधी मासा खाई, कधी भातातून वेचून बाजूला टाकी. कौशल्याबाई दात-ओठ खात, पण घाई करत नसत. मासे आता सावित्रीबाईच निवडून आणत आणि ताटलीला हात न लावता उंबऱ्यावर ठेवून जात. नळीतला लाल नारिंगी झाला, हिरवट झाला. माझ्यातलं औषध रेघ रेघ उतरत गेलं. सगळ्याच मांजरांचं असं होत नाही, असं डॉक्टर बजावत होते. पण एके दिवशी नळीतला रंग निळाच राहिला, आणि तो तसाच राहिल्याचं बरेच दिवस पाहून दौलतराव म्हणाले, "आता सुई थांबवून बघू. लक्ष मात्र ठेवा."

त्या संध्याकाळी रंभा जेवून कौशल्याबाईंच्या मांडीवर चढली. रिकामा हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. त्यांनी तो तिच्या मानेवर ठेवला. नेहमी कातडी चिमटीत धरली की रंभा अंग चोरायची. त्या दिवशी तिने तिथेच डोळे मिटले.

मित्रांनो, तेव्हापासून मी डबीत आहे. तुमच्या घरी असं आजारी जनावर असेल, तर माझं एवढं ऐका. औषध मोजता तसं ताटलीतलंही मोजा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातलं काही बदलू नका, आणि मायेपोटी चोरून काही घालू नका. आम्हा सिरिंजांना माप कळतं, पण थांबा म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल.