दुकानाची वेळ

आमच्या लाँड्रीतलं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं आणि ही गोष्ट त्या दिवशी कोर्टात फक्त तिघांना माहीत होती. मला, बाबांना आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावाला. चौथे होते आमच्या दुकानातले इस्त्रीवाले मामा, पण त्यांच्याच खुनाचा खटला चालू होता.

घड्याळाचं खूळ बाबांचं. गिऱ्हाईक दारात आलं की कपडा घडी घालून तयार पाहिजे, ‘थांबा पाच मिनिटं’ हे शब्द दुकानात कुणी उच्चारायचे नाहीत, असा त्यांचा दंडक. म्हणून आतल्या खोलीतलं, गिऱ्हाइकाला न दिसणारं घड्याळ कायम पुढे. दुकानात कॅमेरे बसवले तेव्हा त्यांचा रेकॉर्डर बाबांनी घड्याळाखालच्याच फळीवर ठेवून घेतला आणि बसवणाऱ्याला दरडावून त्याची वेळही घड्याळाशी जुळवून घेतली. एका दुकानात दोन वेळा चालणार नाहीत म्हणाले. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. घड्याळाकडे नजर गेली की डोकं आपोआप वीस वजा करतं. बाहेरच्या माणसाशी बोलताना तोंडात येते ती जगाची वेळ, दुकानाची नाही. लहानपणापासून तसंच चालत आलंय.

त्या दिवशी साक्ष होती प्रयोगशाळेतल्या बाईंची. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, चष्मा सारखा पुसणाऱ्या. आमच्या दुकानातला रेकॉर्डर त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यात खुनाच्या संध्याकाळचं काहीच शिल्लक नव्हतं. जागा भरली की तो जुन्या चित्रांवर नवी चित्रं लिहीत जातो आणि पोलीस तो न्यायला आले फार उशिरा. तरीही बाईंनी आठवडेच्या आठवडे खपून त्यातला एक तुकडा बाहेर काढला होता. पुसलं गेलं म्हणजे नाहीसं झालं असं नसतं, असं त्या न्यायाधीशांना समजावून सांगत होत्या. मला हसू आलं. डाग धुतला तरी धाग्यात राहतो, हे लाँड्रीवाल्याच्या मुलीला कुणी शिकवायला नको.

मग पडद्यावर चित्र लागलं आणि माझं हसू पळालं. धाकटा गल्ल्यावर बसलेला. कान खाजवतोय, एका बाईला पावती देतोय, मोबाइल बघतोय. कोपऱ्यात वेळ दिसत होती. पावणेनऊ झाले तेव्हा तो उठला आणि त्याने शटर ओढलं.

मामांच्या शेजाऱ्याने आरडाओरडा ऐकून पोलिसांना फोन केला होता तो बरोबर साडेआठला. त्या वेळेबद्दल कुणाचाच वाद नव्हता, फोन कंपनीनेच ती लेखी दिली होती. मामांची खोली आमच्या मागच्या गल्लीत. साडेआठला त्यांच्या डोक्यात त्यांचीच जुनी लोखंडी इस्त्री कुणीतरी घातली आणि त्या वेळी आमचा धाकटा पडद्यावर सगळ्यांसमोर कान खाजवत बसला होता. आमच्या वकिलांनी हात पसरून न्यायाधीशांकडे बघितलं. याहून काय हवं, असा तो हात होता.

माझ्या डोक्याने नेहमीप्रमाणे वीस वजा केले होते. पावणेनऊ म्हणजे आठ पंचवीस. मी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली.

मी मनाला समजावलं, आणि ते खोटं समजावणं नव्हतं, त्या क्षणी मला ते मनापासून पटत होतं. आमचा पोरगा तापट आहे, आळशी आहे, पण खुनी नाही. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याच्या शाळेचे डबे मी भरले, त्याच्या भांडणांत मी पडले, त्याचे खोटे दाखले मी आणले. तो तिथे गेलाच नाही, मग घड्याळ पुढे असो की मागे, काय फरक पडतो? चुकीच्या घड्याळाने खरा माणूस सुटत असेल तर सुटू दे की. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर ओंडकाच मिळाला होता. भीती एवढीच की कुणीतरी तो ओंडका हातातून काढून घेईल.

सरकारी वकील उठले तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी विचारलं, या रेकॉर्डरची वेळ खरी कशावरून? बाईंनी चष्मा पुसला. त्या म्हणाल्या, यंत्रात जे होतं ते मी काढलं, यंत्राला वेळ कुणी लावली हे मला माहीत नाही. ते ताडून बघायचं काम जप्तीच्या वेळचं. जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याने वेळ ताडून पाहिल्याची आणि काहीच फरक नसल्याची नोंद आहे. कशाशी ताडून पाहिली? बाईंनी कागद चाळला. “भिंतीवरच्या घड्याळाशी,” त्या म्हणाल्या.

मला तो अधिकारी आठवला. बाबा सांगत होते, आला तोच कुरकुरत. आरोपीने हट्ट धरला म्हणून आलोय, नाहीतर या डबड्यात काय असणार म्हणाला. वर घड्याळ, खाली रेकॉर्डर, दोन्हींत एकच वेळ, मग त्याला तरी खिशातला फोन काढायची काय गरज. एक चुकलेलं दुसऱ्या चुकलेल्याची साक्ष देत होतं आणि बाबा तिथेच कोपऱ्यात उभे होते. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या लेखी ते घड्याळ चुकीचं नाहीच मुळी. ती दुकानाची वेळ आहे.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. बाहेरच्या पडवीत एकच पंखा होता आणि त्याच्याखाली मामांची मुलगी बसली होती. आम्हाला बघून ती उठली, पिशवी बाजूला घेतली आणि बाबांना म्हणाली, “बसा काका, तुम्हाला उकडतंय.” बाबा बसले. खटला सुरू झाल्यापासून मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, त्या वेळीही बोलले नाही. ती जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. लहानपणी शाळा सुटल्यावर ती आणि मी आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून बटणं निवडायचो, फुटलेली एका डब्यात, चांगली दुसऱ्या डब्यात. मामा आत इस्त्री करत गाणं म्हणायचे, भयंकर बेसूर.

आमचे वकील खुशीत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, अर्धी लढाई जिंकलो, ताई. आणि श्रेय माझं नाही बरं का, तुमच्या भावाचं आहे. पकडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोठडीत भेटलो तर पहिलं वाक्य त्याचं हेच, दुकानातला रेकॉर्डर मागवा, तो पुसला गेला तर मी मेलो. पोलिसांना दिलेल्या जबाबातही त्याने तेच सांगितलं होतं, पावणेनऊला शटर ओढलं म्हणून. मिनिटाचाही फरक नाही बघा. खरं बोलणाऱ्या माणसाचं असंच असतं.

ते बोलत राहिले. मला पुढचं ऐकू येईना. पावणेनऊ. बाहेरच्या माणसाला, तेही पोलिसाला, आमच्या घरातल्या पोराने दुकानाची वेळ सांगितली होती. झोपेतून उठवून विचारलं तरी आमच्यातलं कुणी तसं सांगणार नाही. तसं सांगायचं तर थांबावं लागतं, विचार करावा लागतो.

आरोपींना बसवायच्या बाकावर तो हवालदाराच्या शेजारी होता. पाणी द्यायची परवानगी होती. हवालदार चार पावलं लांब जाऊन फोनवर बोलू लागला. मी बाटली पुढे केली आणि विचारलं, “पावणेनऊ कुठल्या घड्याळाने?”

तो पाणी प्यायला. सावकाश, अर्धी बाटली.

“ताई, आता नको.”

“कुठल्या?”

“वीस मिनिटांचाच प्रश्न आहे गं सगळा,” तो म्हणाला. “तू आणि बाबा गप्प बसलात तर मी संध्याकाळपर्यंत नाही, पण महिन्याभरात घरी येतो.”

मी न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर त्याने दिलं.

“गिऱ्हाइकांसमोर कानाखाली मारली त्यांनी माझ्या. चारचौघांत. एका नोकराने.”

नोकर. ज्याच्या खांद्यावर बसून हा पोरगा मोठा झाला, तो नोकर. माझा हात उठला होता, तो मी बाटलीचं झाकण लावण्यात गुंतवला. रागापेक्षा भीतीच जास्त होती मला, खरं सांगते. आता मला माहीत होतं आणि हे परत माहीत नसल्यासारखं करता येणार नव्हतं.

सुट्टीनंतर न्यायाधीश म्हणाले, यंत्राचा प्रश्न सुटला, घड्याळाचा राहिला. ते घड्याळ खरं होतं हे कोण सांगेल? आमचे वकील ताडकन उठले. दुकानाचे मालक इथेच हजर आहेत, हवं तर आत्ता विचारून टाकू. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. वकील वाकून माझ्या कानाशी लागले. बाबांना जरा समजावून सांगा, ‘घड्याळ बरोबर होतं’ एवढंच म्हणायचं, जास्त बोलायचं नाही.

बाबा माझ्याकडे वळले. त्यांना सकाळपासूनचं फारसं काही उमगलं नव्हतं. पडदा लांब, चष्मा जुना, आणि आपला मुलगा निर्दोष आहे हे एकदा ठरल्यावर बाकीचं ऐकायची त्यांना गरजही वाटत नव्हती. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा होता. मामा गेल्यापासून ते स्वतःच्या कपड्यांना स्वतःच इस्त्री करतात आणि कॉलरला अजून सुरकुती राहते.

“काय विचारतायत गं?”

एक वाक्य बोलायचं होतं. ‘बरोबर होतं म्हणा.’ बाबांनी माझं ऐकलं असतं, आई गेल्यापासून ते माझंच ऐकत आलेत. पिंजऱ्यातून धाकटा माझ्याकडे बघत होता, ताप चढला की बघायचा तसा. मी मामांच्या मुलीकडे मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं तर तिच्यासाठी बोलले असं वाटलं असतं आणि मला ते कुणासाठीच करायचं नव्हतं.

“आपल्या घड्याळाबद्दल विचारतायत,” मी म्हणाले. “आहे तसं सांगा.”

बाबा साक्षीदाराच्या जागी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे. वकिलांनी गोड आवाजात विचारलं, तुमच्या दुकानातलं घड्याळ कधी मागे पडायचं का?

“मागे?” बाबांना हा अपमानच वाटला. “छे. चाळीस वर्षांत एकदाही नाही.”

वकील हसले, बसायला वळले. आणि बाबांना वाटलं, एवढ्या मोठ्या माणसांना आपल्या दुकानाबद्दल आणखी थोडं सांगावं. मुलाच्या उपयोगी पडेल.

“मी ते वीस मिनिटं पुढेच ठेवतो, साहेब. कॅमेऱ्याचंही तसंच. गिऱ्हाइकाला कधी ताटकळत ठेवलं नाही आम्ही. हवं तर याला विचारा,” त्यांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, “यालाही लहानपणापासून तीच सवय लावली.”

प्रयोगशाळेतल्या बाईंनी पुसायला घेतलेला चष्मा तसाच हातात धरला. न्यायाधीशांनी लिहायला घेतलं आणि लिहिताना एकदा पडद्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं. आमच्या वकिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. धाकट्याने मान खाली घातली. मामांची मुलगी रडत होती, मोठ्याने नाही, पण मला ते माझ्या मागे ऐकू येत होतं.

बाबा परत येऊन माझ्याशेजारी बसले. इतक्या माणसांसमोर ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“बरोबर बोललो ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“बरोबर बोललात, बाबा.”

त्यांना बरं वाटलं. पाठ टेकून ते जरा सैल बसले, खिशातून रुमाल काढून मान पुसली.

“मग थांबू या थोडा वेळ,” ते म्हणाले. “त्याला घेऊनच घरी जाऊ.”