काटा उजवीकडे

इंजिन बंद.

दानिएलची मोटारसायकल हौसरावच्याच बैलगाडीतून दौंडला आली. शिरूरहून केडगावला परतताना दानिएल अंधार पडल्यावर ज्या उभ्या गाडीवर आदळून मेला, तीच ही गाडी. बैलही तेच.

पोलीस जमादारानं सिद्दीकच्या गॅरेजच्या दारात खुर्ची ओढली. "मिस्त्री, एवढंच सांगा. हिचा दिवा चालत होता का? चालत असंल तर हा हौसराव खोटं बोलतोय. मग त्याला आतच घालतो."

"दिवा न्हवताच, सायेब," हौसराव म्हणाला. "पोरांची आन. नुसता फटफट आवाज आला."

"तुझ्या बैलांनी तरी बघितला का रं?"

दानिएलची बायको राहेल भिंतीला टेकून उभी होती. "सिद्दीकभाई, तुम्हीच तर दुरुस्त करून दिली होती. हे घरी येऊन म्हणाले, बॅटरी आता उतरायची नाही, काटा उजवीकडं जातोय."

सिद्दीकनं आपली भरलेली बॅटरी जोडली. दिव्याचं बटण फिरवलं. दिवा लागला. टाकीपुढच्या मीटरचा काटा उजवीकडे गेला.

उजवीकडे म्हणजे बॅटरी भरतेय.

इंजिन बंद होतं. मग भरत कोण होतं?

इंजिन चालू. तेव्हाचं.

जुनं मीटर फुटलं होतं. सिद्दीकनं लष्कराच्या मोडीतल्या अमेरिकन लॉरीचं बसवलं. आयुष्य लॉऱ्यांत गेलेलं. लॉरीत बॅटरीची उणे तार सांगाड्याला जाते, या इंग्लिश गाडीत अधिक. हाताला लॉरीची सवय. मीटरच्या दोन्ही तारा उलट्या बसल्या. किक मारली, दिवा लावला, काटा उजवीकडे.

"भरतंय," सिद्दीक म्हणाला होता.

दानिएलनं टाकीवर थाप मारली होती.

बॅटरीतून जात होतं ते येतंय म्हणून दिसत होतं. दिवा पिवळा झाला असेल, मग तांबडा, मग गेला असेल. इंजिनाची ठिणगी बॅटरीची नव्हे, वेगळ्या मॅग्नेटोची; ते पळतच राहिलं.

काटा मध्ये.

सिद्दीकनं दिवा बंद केला.

"काय झालं?" राहेल म्हणाली.

"काही न्हाई. बघतो."

त्यानं डायनॅमोचं झाकण काढलं. आतला कार्बन झिजून खोबणीत अडकला होता. डायनॅमो बॅटरीला थेंबभरही वीज देत नव्हता. जमादार तंबाखू मळत होता. सिद्दीकनं नवा कार्बन घातला. मग मीटरमागच्या दोन तारांची अदलाबदल केली. कुणी सांगितलं नव्हतं. बिघडलेलं समोर आलं की हात असंच करतात, असं तो स्वतःला सांगत होता.

"चाचा," हौसराव हळूच म्हणाला, "आत्ता काय बदललं तुम्ही?"

"साफसूफ केली."

किक. पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला, दिव्याची काच तडकलेली, पण इंजिन लागलं. त्यानं दिवा लावला. उजेड हौसरावच्या धोतरावर, मग तोंडावर. काटा उजवीकडे. या वेळी खरंच.

"चालतोय की फक्कड!" जमादार उठला. "काय रं, आता दिसला का दिवा?"

हौसरावनं डोळ्यांवर हात धरला. त्या उजेडात त्याला सिद्दीक दिसत नव्हता. "चाचा," तो म्हणाला, "तुम्ही तरी सांगा."

राहेल पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मी म्हणतच होते."

सिद्दीकनं पाना पुसला. परत पुसला. इंजिन त्यानं बंद केलं नाही. बंद केलं असतं, तर हौसरावला जवळ येऊन विचारता आलं असतं.