न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या डॉक्टर शशिधरांची मुलगी ब्रिटिश आर्मीत जायचं म्हणते हे कळल्यावर ओळखीपाळखीच्यांनी भुवया उंचावल्या. पण तनयाचं पक्कं ठरलं होतं. युनिव्हर्सिटी अर्ध्यावर सोडून तिने अ‍ॅम्ब्युलन्सवर काम केलं होतं, आता तिला आर्मीत मेडिक व्हायचं होतं. इंटरव्ह्यूच्या आधीच्या रविवारी पोहे खाता खाता तिने विचारलं, "बाबा, त्या आगीचं काय सांगायचं?"

तिच्या आईचा, वैजयंतीचा झारा कढईतच थांबला. इतक्या वर्षांत हा विषय घरात कुणी काढला नव्हता.

तनया चौदा वर्षांची असताना ती आणि तिच्या दोन मैत्रिणी एका भाजीच्या मळ्यातल्या शेडमध्ये शिरल्या आणि गंमत म्हणून त्यांनी कागद पेटवले. बघता बघता शेड भडकली. आतली अवजारं वाचवायला धावलेल्या म्हाताऱ्या मालकाचा हात भाजला. पोलीस आले, यूथ कोर्ट झालं. तुरुंग नाही, पण काही महिने पॅनेलपुढे हजेरी आणि कौन्सिलच्या बागेत काम. मुदत संपली तसा वकील म्हणाला, "झालं. हे आता स्पेंट."

"स्पेंट म्हणजे संपलं," शशिधर आता म्हणाले. "कायद्याच्या दृष्टीने ते घडलंच नाही."

"पण झालं होतं ना ते," तनया म्हणाली.

"झालं होतं. पण नाही झालं."

बोलून त्यांनी पोह्यांवर पुन्हा लिंबू पिळलं. एरवी बापाचा शब्द म्हणजे घरातला शेवटचा शब्द.

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"जेवढं विचारतील तेवढंच सांग."

"अगं, आपण होऊन कशाला चिखल अंगावर घ्यायचा?" वैजयंती म्हणाली. मग थोड्या वेळाने, तनयाकडे न बघता, "पण खोटंही बोलू नकोस हं."

तनयाने कपाळाला हात लावला. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं, की कायद्याने दिलेला हक्क? तिने फोनवर शोधलं. एकीकडे लिहिलं होतं, गरज नाही. दुसरीकडे, काही कामांसाठी जुनंही विचारतात. तिसरीकडे कुणी सांगितलं म्हणून पस्तावलं होतं आणि त्याच्याच खाली कुणी लपवलं म्हणून. तिने फोन उशीखाली सारला.

इंटरव्ह्यू सार्जंट प्रिचर्ड नावाच्या बाईंनी घेतला. आवाज कोरडा, नजर मात्र मोकळी. बरंच बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "अजून स्पेंट न झालेला एखादा गुन्हा नावावर आहे?"

प्रश्न इतका नेमका होता की 'नाही' हे उत्तर शंभर टक्के खरं होतं.

"नाही," तनया म्हणाली. प्रिचर्डबाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "एक स्पेंट झालेला आहे."

बाईंनी मान वर केली. "ते मी विचारलं नाही."

"माहीत आहे."

"मग मला ते कळावं असं वाटतं का तुला?"

"मला खरंच माहीत नाही," तनया म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. शेड, धूर, त्या माणसाचा हात. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट दुसऱ्याच कुणाची तरी हकिगत सांगत असल्यासारखं वाटत राहिलं.

"या कामासाठी हे सांगायची गरज नव्हती," बाई म्हणाल्या. "पुढे कधी व्हेटिंगमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या चौकशीत विचारलं, तर असंच सरळ सांग." मग त्यांनी तिला विचारलं, झोप नीट लागते का.

खाली शशिधर गाडीत थांबले होते. "विचारलं?"

"नाही. मीच सांगितलं."

"न विचारता?" त्यांचा आवाज चढला. "कशाला?"

"माहीत नाही, बाबा."

घरी जाताना एका सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी त्यांनी गाडी काढली नाही. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा ते दचकले.

काही आठवड्यांनी निवड झाल्याचा प्रिचर्डबाईंचा फोन आला. तनयाने धीर करून त्यांना विचारलं, "त्या आगीचा काही परिणाम झाला का?"

"तू चांगली धावतेस आणि घाबरत नाहीस, म्हणून तुला घेतलं," बाई म्हणाल्या. बस, एवढंच. सांगितल्याने बिघडलं नाही, पण साधलं तरी काय? कुणीतरी शाबासकी द्यावी किंवा रागवावं, म्हणजे बरोबर केलं की चूक हे कळलं तरी असतं.

ट्रेनिंगला निघाली त्या दिवशी वॉटर्लू स्टेशनवर आईने तिचे गाल कुरवाळले. बाबा बॅग उगाच या हातातून त्या हातात घेत होते.

"बाबा, मी चुकले का?"

शशिधरांनी बॅग खाली ठेवली. "मला नाही गं सांगता येत," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी लेकीला असं उत्तर दिलं होतं.

तनयाने त्यांना घट्ट मिठी मारली, बॅग घेतली आणि ती डब्यात चढली.