मिरवणुकीत गेलेली बर्फाची पेटी

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. पण मित्रांनो, म्हातारी म्हणालात तर मला राग येईल. माझा निळा रंग उडालाय, एक कडी तुटलीय, तरी थंडावा धरून ठेवण्यात आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत माझा हात कुणी धरणार नाही. आणि काल जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय आज मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म इथल्याच एका कारखान्यातला. माझे मालक यशवंतराव दिल्लीत सरकारी नोकरीत. त्यांनी मला नागपूरच्या प्रवासासाठी घेतलं. गाडीत बाकाखाली बसायचं आणि ताक गार ठेवायचं, एवढंच माझं काम. डब्यातले लोक कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचे. पुढे घरात मोठा फ्रीज आला नि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूळ खात पडले होते, कुणाला माझी आठवणसुद्धा नव्हती.

यशवंतरावांचा मुलगा धम्मदीप चालायला लागला आणि त्याच्या अंगावर निळे डाग उठू लागले. एकदा तो पडला आणि गुडघा टम्म सुजला. यशवंतरावांची मोठी बहीण, प्रेमलाआत्या, घरातच राहते. आपल्याकडे जे सगळेच करतात तेच तिने केलं. तेल कोमट केलं आणि मायेने गुडघा चोळला. सूज उतरायची सोडून वाढतच गेली. पोराचं रडणं मला माळ्यावर ऐकू येत होतं.

दवाखान्यातून सगळे परतले तेव्हा घरात एक नवा शब्द आला, हिमोफिलिया. धम्मदीपचं रक्त लवकर गोठत नाही, जन्मापासूनच. मार लागला की सांध्याच्या आत रक्त साठतं. आई क्रांती स्वतःलाच दोष देत होती, कारण हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आत्या तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलंस ना? दोष कुणाचाच नाही. चोळायचं मात्र मी कायमचं सोडलं."

आता रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन नियमित द्यायचं होतं. औषध थंड हवं, पण गोठता कामा नये. वीज गेली तर? प्रवासात? झालं, माळ्यावरून मला खाली काढलं. आत्याने स्वतः मला घासलं. क्रांती शिरेत सुई द्यायला शिकली. ताकाची पेटी औषधाची पेटी झाली, मित्रांनो, मग मी का नाही मिरवणार?

धम्मदीपला एकच ध्यास होता. बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायची. दरवर्षी तो गॅलरीतून बघायचा आणि हात आपोआप हलायचे. यंदा त्याने हट्टच धरला.

"गर्दी असते, बेटा. पडलास तर?" यशवंतराव म्हणाले.

"पापा, तर पेटी आहे ना."

धम्मदीपच्या डॉक्टर रुचिरांना विचारलं. सकाळी इंजेक्शन घे, गुडघ्याला पॅड बांध, उड्या मारू नकोस आणि जा, असं त्या म्हणाल्या. काल मी आत्या आणि क्रांतीसोबत ई-रिक्षात बसून मिरवणुकीमागे निघाले, पोटात बर्फ आणि औषध घेऊन. ढोल घुमत होते, निळा गुलाल उडत होता आणि पहिल्या रांगेत आमचा धम्मदीप.

चौकात कुणाचा तरी पाय त्याच्या पायात अडकला आणि तो गुडघ्यावर पडला. ढोल थांबले. दोन-तीन जण गुडघा चोळायला धावले, तशी आत्या मध्ये उभी राहिली. "अजिबात हात लावायचा नाही. बर्फ आणा." माझं झाकण उघडलं. रुमालात बर्फ गुंडाळून तिने गुडघ्यावर धरला, क्रांतीने फोनवर डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं. पोराला रिक्षात बसवून पाय उंच ठेवला.

"बस झालं, घरी जाऊ," यशवंतराव म्हणाले.

धम्मदीपचे डोळे भरले. "पापा, पाय दुखतोय. हात नाही दुखत."

यशवंतरावांनी मला उचलून लेकाच्या शेजारी ठेवलं आणि त्याने माझ्या झाकणावर लेझमीचा ठेका धरला. आधी एका ढोलाने साथ दिली, मग सगळ्यांनी. अख्खी मिरवणूक पोराच्या ठेक्यावर चालली होती, आणि वाजत मी होते. अंगातला बर्फ खुळखुळत होता, आनंदाने मला काही सुचत नव्हतं.

आज सकाळी सूज वाढलेली नाही. मित्रांनो, तुमच्या वर्गात असा कुणी असेल तर त्याला जपा, पण म्हणून त्याला बाकावर एकटं बसवू नका. आत्या मला पुसायला बसलीय. झाकणावर धम्मदीपच्या गुलालाने माखलेल्या बोटांचे निळे ठसे उमटलेत, तेवढे तिने पुसलेले नाहीत.