एझ्रा पूल आणि साथ

उज्ज्वलच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला क्रेन लागते, असं दीक्षा म्हणायची, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला ते म्हणायचा हक्क होता. नवरा सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर. कुठल्या पाइपातून काय वाहतं आणि ते मुळात आलं कुठून, हे शोधायचा त्याला पगार मिळायचा. घरी आल्यावर माणसाने हे बंद करावं की नाही? हा फुकटात चालू ठेवायचा. २०१६ च्या सुरुवातीला त्याच्या तावडीत एक गाणं सापडलं.

गाणं अमेरिकेतलं, ब्लूज. तिकडच्या काळ्या कष्टकऱ्यांनी आपली दुःखं ज्यात ओतली त्या जातकुळीतलं. दुसऱ्यांचे कपडे नदीवर धुताना गाठोडं वाहून गेलं, आता मालकिणीला काय तोंड दाखवू, एवढंच त्यात. चाल अशी की एकदा ऐकली की दिवसभर पिच्छा सोडत नाही. उज्ज्वलने मिळतील तेवढी रेकॉर्डिंग्ज जमवली. प्रत्येकात कडवी वेगळी, गाणारा वेगळा, पण कवीच्या जागी सगळीकडे एकच शब्द: पारंपरिक. त्या शब्दाने त्याचं पित्त खवळायचं.

"पारंपरिक म्हणजे काय, कुणाचंच नाही?" तो दीक्षाला विचारायचा. "कुणीतरी पहिल्यांदा म्हटलंच असेल ना? त्याला नाव नव्हतं?"

"होतं असेल. तू आधी जेव," दीक्षा म्हणायची.

कंपनीच्या बसमध्ये लोक डुलक्या काढत, तेव्हा हा कानात हेडफोन घालून कडवी ताडून बघायचा. शेवटी आयर्लंडमधल्या एका जुन्या तबकड्या जमवणाऱ्या आजोबांनी त्याला सगळ्यात जुनी तबकडी कॉम्प्युटरवर उतरवून पाठवली, लेबलच्या फोटोसकट. लेबलवर नाव होतं: 'एझ्रा पूल आणि साथ'. उज्ज्वल त्या दिवशी एवढा खूश झाला की घरी येताना टॅम्पिनीसच्या मॉलमधून केक घेऊन आला. दीक्षाला वाटलं बढती मिळाली.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांची एकशे पंचविसावी जयंती होती. सिंगापूरमधली आपली मंडळी कम्युनिटी क्लबचा हॉल घेऊन कार्यक्रम करणार होती. आयोजक निशिकांत. उज्ज्वलने त्याला सांगून टाकलं, मी या गाण्याच्या मालकाची गोष्ट सांगणार आणि गिटारवर गाणं म्हणणार. निशिकांतला गिटारपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस होता. उज्ज्वलचे आईवडील मनमाडहून राहायला आले होते, आणि वडील भाऊसाहेब म्हणजे एके काळचे जलशाचे शाहीर. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी गावोगाव गाण्यातून बाबासाहेबांचा विचार पोचवला होता. त्यांचं 'पाटी घे गं पोरी' अजूनही तिकडे जयंतीला वाजतं. ते त्यांनी इथे म्हणावं, असं ठरलं. भाऊसाहेबांनी थोडे आढेवेढे घेतले, तेही रीत म्हणून.

एका रविवारी सकाळी उज्ज्वलने आईवडिलांना ती तबकडी ऐकवली. खरं तर त्याने खरखर काढून टाकलेली स्वच्छ प्रत तयार केली होती, पण ती ऑफिसच्या लॅपटॉपवर राहिली होती. म्हणून आयर्लंडच्या आजोबांनी पाठवली तशीच लावली.

"आवाज चांगला आहे," भाऊसाहेब म्हणाले. "साधारण माझ्यासारखा."

आई, लीलाबाई, मेथी निवडत होत्या. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट एकदा ऐकून पटत नसे. "पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. उज्ज्वलने लावली. "मागे ती बाई कोण आहे?"

"साथ आहे आई. कोरस."

"कसला कोरस? प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ती देतेय आणि हा उचलतोय. त्याला गाणं येत नाहीये नीट. गाणं तिचं आहे."

उज्ज्वलने हेडफोन लावून ऐकलं. खरंच होतं. ओळ सुरू व्हायच्या जरा आधी, खरखरीच्या आत, एक दबका आवाज शब्द पुढे सरकवत होता. स्वच्छ प्रतीत तो नव्हताच. धूळ समजून त्याने यंत्राकडून बाईलाच पुसून टाकलं होतं. त्याला स्वतःचाच राग आला.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"मी काय केलं इतकी वर्षं? ह्यांना शब्द कधी पाठ होते? मागे उभी राहून झील धरायची आणि ओळीआधी शब्द पुरवायचा. लोकांना वाटायचं, शाहीर काय तालात श्वास घेतात."

भाऊसाहेबांनी पेपर उघडला. चिनी वृत्तपत्र होतं, शेजाऱ्यांचं.

"आणि बाबांच्या गाण्यांचे शब्द कुणाचे?" उज्ज्वलने विचारलं. हा प्रश्न त्याला आजवर सुचला कसा नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. एका अनोळखी माणसाचं नाव शोधायला तो आयर्लंडपर्यंत गेला होता.

"माझे. चाल ह्यांची, शब्द माझे. पोरांचे पेपर तपासता तपासता लिहायचे."

"पण शेवटच्या कडव्यात तर 'भाऊसाहेब म्हणे ऐका' आहे."

"शेवटी शाहिराचं नाव घालायची रीत आहे. शाहीर हे."

"तुला कधी वाटलं नाही, आपलं नाव असावं?"

लीलाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "वाटलं की. न वाटायला काय झालं? प्रत्येक वेळी वाटलं."

त्या हे अगदी सरळ बोलल्या. चीड आली ती बापाची की स्वतःची, हे उज्ज्वलला ठरवता येईना. संध्याकाळी खाली बाकावर बसलेल्या भाऊसाहेबांना त्याने गाठलं. "बाबा, जयंतीला शेवटी आईचं नाव घ्या."

"अरे, ते नाव म्हणजे माझं एकट्याचं थोडंच आहे? आमच्या जलसा पार्टीचं नाव आहे ते."

"मग आईचंही चालेल."

"इतकी वर्षं लोकांनी जे ऐकलं ते आता बदलायचं? लोक म्हणतील म्हातारा चळला." एवढं बोलून ते लिफ्टकडे निघाले. त्यानंतर घरात विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवत. लीलाबाईंनी तर विषय काढलाच नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. उज्ज्वलने गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाला, "लेबलवर लिहिलंय, एझ्रा पूल आणि साथ. गाणं त्या साथीचं असावं असं मला वाटतं. तिचं नाव मला सापडलं नाही." मग गायला. बरा गायला. टाळ्या पडल्या, लहान मुलांनी जरा चुळबुळ केली, आणि निशिकांतने भाऊसाहेबांना बोलावलं.

भाऊसाहेब माइकसमोर उभे राहिले, लीलाबाई अर्धं पाऊल मागे. ढोलकीवाला सिंगापूरच्याच यिशुन भागातून आलेला एक आयटीवाला होता, पण हात चांगला होता. गाणं सुरू झालं आणि सत्तरीचा तो माणूस पंचविशीचा झाला. उज्ज्वल पहिल्या रांगेतून आईच्या ओठांकडे बघत होता. प्रत्येक ओळीआधी ते हलत होते. सगळं आयुष्य हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्याने बघितलं नव्हतं.

शेवटचं कडवं आलं.

'पाटी घे गं, लेखणी घे गं, उंबरा ओलांड पोरी', भाऊसाहेबांनी हात वर केला आणि सवयीने पुढच्या शब्दाची वाट पाहिली. लीलाबाईंनी तो दिला. भाऊसाहेबांनी तो उचलला, जसा आजवरचा प्रत्येक शब्द उचलला होता, विचार न करता, भरल्या आवाजात:

'लीलाबाई म्हणे ऐका, अक्षर हीच शिदोरी.'

ओळ संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हॉलमध्ये फारसं कुणाला काही कळलं नव्हतं, पण दीक्षाने उज्ज्वलचा हात घट्ट पकडला. भाऊसाहेबांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्या ढोलकीवाल्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

जलशात शेवटची ओळ दोनदा म्हणतात. ढोलकी फिरून जागेवर आली. या वेळी लीलाबाईंचे ओठ मिटलेले होते. शब्द मिळणार नव्हता, काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं होतं. भाऊसाहेब एक आवर्तन तसेच उभे राहिले.

मग ते बाजूला सरकले, बायकोला दंडाला धरून माइकसमोर आणलं आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी हळूच पहिला शब्द दिला, "लीलाबाई", आणि तिने गायची वाट बघत थांबले.